मंडळाला पैसेवाला हवा आहे!

सीमाभागातल्या माणसाला फुटबॉल म्हटले की आधी कोल्हापूर आठवते आणि मग ब्राझील. निपाणीहून कोल्हापूर जेमतेम ४० किलोमीटर. तिकडचा हंगाम सुरू झाला की आमच्याकडची पोरे एस. टी. ने, नाहीतर एका मोटारसायकलवर तिघे बसून, दुपारीच शाहू स्टेडियम गाठतात. पाटाकडील तालीम मंडळ विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असा सामना असला की वर्गातले मागचे दोन बाक रिकामे राहतात. मी अर्थशास्त्र शिकवतो. मागणी-पुरवठ्याचा नियम त्या दिवशी फळ्यापेक्षा स्टेडियमच्या तिकीटखिडकीवर जास्त चांगला शिकवता येईल, असे मला नेहमी वाटते.

कोल्हापूरची गंमत अशी की तिथले बहुतेक नामवंत संघ मुळात क्लब नव्हेत, तालमी आणि तरुण मंडळे आहेत. दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम... नावातच लाल माती आहे. संस्थानच्या काळात साहेबाचा हा खेळ कुस्तीच्या आखाड्यात शिरला आणि पेठांचा होऊन बसला. ‘या संघाचा मालक कोण?’ असे शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत कोणाला विचारून पाहा. उत्तर मिळणार नाही. विचारणारा माणूस परगावचा आहे एवढे मात्र समोरच्याला लगेच कळेल.

मग पैसा कुठून येतो? वर्गणीतून, पेठेतल्या सराफाकडून, एखाद्या हॉटेलवाल्याकडून, निवडणूक जवळ आली की पुढाऱ्याकडून. पुढाऱ्यांच्या आणि त्यांच्या वाडवडिलांच्या नावाने चषक भरतात, बक्षिसाच्या रकमेचे फलक चौकात लागतात. मधल्या काळात नायजेरियातून आलेले खेळाडू तालमींच्या जर्सीत दिसू लागले. ते आले आणि खर्चाचा आकडा एकदम वर गेला. पेठेतला पोरगा अभिमानावर खेळतो. बाहेरून आणलेल्या खेळाडूला मानधन, खोली आणि जेवण लागते. तरीही तालीम कोणी विकत घेतलेली नाही. घेणार तरी काय? जमाखर्चाच्या वहीत मालमत्ता म्हणून दाखवावे असे तिच्याकडे फारसे काही नसते. खरी मालमत्ता म्हणजे पेठेतल्या माणसांचे वेड, आणि ते कोणाच्या सातबाऱ्यावर चढत नाही.

हे सगळे आज लिहायचे कारण असे की यंदा आमच्याही मंडळाला ‘बाहेरचा पैसा’ येऊ घातला होता. पण तिकडे येण्याआधी थोडे फिरून येऊ. बाहेरच्या पैशाने आपल्या आजूबाजूच्या मुलखात काय केले, हे पाहिल्याशिवाय आमच्या बैठकीत काय झाले ते नीट कळायचे नाही.

बेळगावहून चोर्ला घाट उतरला की गोवा. आपल्याकडे पोरांना जशी बॅट, तसा तिकडे फुटबॉल. नोकरीला लागलो त्या सुरुवातीच्या वर्षांत आम्ही चार मित्र दोनदा मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर सामने बघायला गेलो होतो. तो धेंपोचा सुवर्णकाळ. २००५ ते २०१२ या काळात धेंपो स्पोर्ट्स क्लबने पाच वेळा देशाचे विजेतेपद मिळवले. साळगावकर, चर्चिल ब्रदर्स यांनीही ते मिळवले. राज्य एवढेसे, पण राष्ट्रीय लीगमध्ये गोव्याचे चार-चार संघ! या वैभवाच्या मागे बऱ्याच अंशी जमिनीतले लोखंड होते. साळगावकर आणि धेंपो ही खाणमालक घराणी. खनिजाची जहाजे वास्कोच्या बंदरातून निघत आणि त्यातला एक लहानसा वाटा फुटबॉलकडे वळे. हा पैसा ‘बाहेरचा’ नव्हता, गावातल्याच शेटजींचा होता. त्यांना फायदा नको होता, संध्याकाळी आपला संघ जिंकलेला बघायचा होता.

पण शेटजी कितीही भला असला तरी त्याची खाण बंद पडू शकते. २०१२ मध्ये गोव्यातले खाणकाम थांबले. पुढे २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. जुनी आय-लीग आता दुय्यम ठरणार असे दिसू लागले, तेव्हा २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले, पाठोपाठ धेंपोही. पाच वेळचा विजेता गावच्या लीगपुरता उरला. २०२४ मध्ये धेंपो खालच्या पायऱ्या चढून आय-लीगमध्ये परत आला, ही त्यातली चांगली बातमी. बरेच गोवेकर मित्र मात्र आजही त्या मधल्या आठ वर्षांविषयी बोलताना घरातले कोणी गेल्यासारखे बोलतात.

पुण्याची कथा याहून लवकर सांगून होते. पुणे एफ. सी. २००७ मध्ये निघाला, २०१३ मध्ये देशात दुसरा आला आणि २०१५ मध्ये बंद झाला. भारत एफ. सी. एकच हंगाम खेळला. शिवाजीयन्स या जुन्या पुणेरी संघाला एका बांधकाम समूहाचे नाव लागले, तो आय-लीगपर्यंत गेला आणि २०१७ मध्ये संपला. एफ. सी. पुणे सिटी २०१९ मध्ये आटोपला, लीगमधली त्याची जागा हैदराबादला मिळाली. हैदराबादने २०२२ मध्ये विजेतेपदही मिळवले. मग तिथेही पैशांची ओढाताण झाली, मालक बदलले, आणि २०२५ मध्ये तो संघ नाव बदलून दिल्लीला गेला. पुणे, हैदराबाद, दिल्ली! आमच्या एस. टी. लाही एवढे थांबे नसतात. मुंबईत महिंद्रा युनायटेडने २००६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने संघच मोडला. संघ हरत होता म्हणून नव्हे. कंपनीने क्रीडाविषयक धोरण बदलले म्हणून.

इतक्या संघांत जिंकूनही न टिकलेले निम्मे निघतील. विद्यार्थ्यांना मी हे मुद्दाम सांगतो. दुकान चालले नाही म्हणून बंद पडले तर समजते. गल्ला भरलेला नसताना दुकान केवळ मालकाच्या इच्छेवर चाललेले असते, तेव्हा इच्छा संपली की कुलूप. विलायतेतला मोठा पैसाही याला अपवाद नाही. मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या समूहाने २०१९ मध्ये मुंबई सिटी या संघाचा ६५ टक्के हिस्सा घेतला. संघाने चषक जिंकले. २०२५ मध्ये सुपर लीगच्या व्यापारी हक्कांचा १५ वर्षांचा करार संपत आला, नव्या निविदेला कोणी बोली लावली नाही, सगळी लीगच लोंबकळली आणि त्या डिसेंबरात हा समूह मुंबईतून बाहेर पडला.

आता कोलकाता. हे उदाहरण मी आमच्या बैठकीतही जरा लांबवून सांगितले, कारण आमच्या प्रश्नाशी तेच सर्वांत जवळचे आहे. ईस्ट बंगाल आणि मोहन बागान ही नावे बंगाली माणसाच्या रेशनकार्डावरच लिहिलेली असावीत, इतकी ती घरातली. मोहन बागानने १९११ मध्ये अनवाणी पायांच्या खेळाडूंनिशी गोऱ्या पलटणीच्या संघाला हरवून शील्ड जिंकली. ईस्ट बंगाल १९२० चा. फाळणीनंतर घरदार सोडून आलेल्या लोकांनी त्याला उराशी धरले. दोन्ही सभासदांच्या संस्था. पण १९९८ मध्ये दोघांनीही मद्याच्या व्यवसायातल्या एकाच समूहाशी निम्म्या-निम्म्या भागीदारीच्या कंपन्या काढल्या आणि दोन्ही संघांच्या नावाआधी दोन वेगवेगळ्या मद्यछापांची नावे आली. कट्टर वैरी, आणि तिजोरी एक!

पुढे ईस्ट बंगालने एकामागून एक गुंतवणूकदार पाहिले. २०१८ मध्ये बंगळुरूची एक कंपनी आली, ७० टक्के हिस्सा घेऊन. दोन वर्षांत ती गेली. २०२० मध्ये सिमेंट कंपनी आली, ७६ टक्के. सुरुवातीच्या मसुद्यावर सह्या झाल्या, संघ सुपर लीगमध्ये उतरला, पण अंतिम करारावर सही करायला क्लबचे पदाधिकारी तयार होईनात. त्यांचे म्हणणे, यात सभासदांचे हक्क जातात. कंपनीचे म्हणणे, सही नाही तर पैसा नाही. जुलै २०२१ मध्ये क्लबच्या दारात समर्थक जमले, त्यांच्यातच दोन तट पडले आणि पोलिसांनी लाठ्या चालवल्या. २०२२ मध्ये सिमेंट कंपनी गेली आणि तिसरी आली.

मोहन बागानची गोष्ट जरा निराळी. २०२० मध्ये एका उद्योगसमूहाने ८० टक्के हिस्सा घेतला आणि आपल्या आधीच्या संघाचे नाव मोहन बागानच्या पुढे चिकटवले. जर्सीचा हिरवा-मरून रंग राहिला, बोधचिन्हातली होडी राहिली. पैसा भरपूर आला, चांगले खेळाडू आले. आणि तरीही लोक तीन वर्षे ती तीन अक्षरे काढा म्हणून ओरडत राहिले. मैदानात फलक, भिंतींवर घोषणा. मार्च २०२३ मध्ये फातोर्डालाच संघाने सुपर लीगचा अंतिम सामना जिंकला आणि त्याच रात्री मालकाने जाहीर केले की ती अक्षरे जातील. विजयाच्या आनंदात नाव परत मिळाल्याचा आनंद किती होता हे बाहेरच्याला कळणार नाही. आपल्याला कळेल. गावाच्या पाटीवर काय लिहावे यावरून ज्यांची पिढ्यान्‌पिढ्या झोप उडाली आहे त्यांना नाव म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही.

आता आमचे मंडळ. नाव देत नाही. निपाणीत अशी मंडळे गल्लोगल्ली आहेत आणि प्रत्येकाची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच. गणपती, शिवजयंती, रक्तदान आणि उरलेले वर्षभर फुटबॉल. मैदान म्हणजे जुन्या तंबाखूच्या वखारीमागची मोकळी जागा. एका व्यापारी घराण्याने माझ्या वडिलांच्या तरुणपणी पोरांना खेळायला दिली, कागद काही नाही. तेव्हा तंबाखूचा बाजार तेजीत होता, वखारवाल्यांनी हात सैल सोडला की जर्सी यायच्या. आता वखारी ओस पडल्या, काहींची मंगल कार्यालये झाली. वर्गणी देणाऱ्यांची मुले पुण्या-बंगळुरूला गेली. मंडळाचा फुटबॉलचा वर्षाचा खर्च पावणेदोन लाखांच्या घरात जातो आणि जमा होतात कसेबसे एक लाख. मधले अंतर तात्या भरून काढतात. तात्या म्हणजे आमचे खजिनदार. आजवर त्यांनी ते कसे भरले हे त्यांनी कोणाला सांगितले नाही आणि विचारायची आमची छाती झाली नाही.

शिवाय सीमेचे दुखणे आहेच. कोल्हापूर ४० किलोमीटरवर आणि बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. पण खेळाडूची नोंदणी कर्नाटकात. आता महासंघाच्या संगणकावर प्रत्येक खेळाडूची नोंद असते आणि राज्य बदलायचे तर आंतरराज्य बदलीचा अर्ज करावा लागतो. त्यामुळे आमच्या पोरांचे मन शाहू स्टेडियमवर आणि कागद बंगळुरूत. बेळगावला जायचे म्हणजे गाडीभाडे. पण गेल्यावर बरे वाटते हे खरे. सेंट पॉल्सच्या मैदानावरची फादर एडी स्मृती स्पर्धा, मराठा रेजिमेंटच्या जवानांचा दमसास, लेले मैदानावरची संध्याकाळ... आमच्या पोरांनी पहिल्यांदा सलग हिरवे गवत पाहिले ते तिथे.

अशात यंदा एक माणूस आला. परगावचा, जागा-जमिनींच्या व्यवहारातला, बोलायला गोड. त्याच्या कंपनीला ‘ग्रासरूट’ फुटबॉलमध्ये गुंतवणूक करायची होती. वर्षाला ५ लाख, ५ वर्षे. म्हणजे एकूण २५ लाख! मंडळाच्या खोलीत हा आकडा उच्चारला गेला तेव्हा पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

कागद इंग्रजीत होता, सात पानांचा. संस्थेची नोंदणी कन्नडमध्ये, बैठक मराठीत. तात्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

“सर, सही करायला आमची ना न्हाई. पण आदी वाचून दावा. आमाला फकस्त पैशाचा आकडा कळला.”

मी तो आधी घरी नेऊन दोनदा वाचला आणि रविवारच्या बैठकीत कलमवार मराठीत सांगितला. पहिले कलम नावाचे. मंडळाच्या नावाआधी कंपनीचे नाव, जर्सीचा रंग कंपनी ठरवील. दुसरे, मैदानाचे ‘व्यवस्थापन’ कंपनीकडे आणि संध्याकाळी पाच ते आठ संघाशिवाय कोणी आत यायचे नाही. याच वेळेत तिथे पोलिसभरतीची तयारी करणाऱ्या मुली पळतात, कडेने म्हातारी माणसे फेऱ्या मारतात आणि एका कोपऱ्यात सात-आठ वर्षांची चिल्लीपिल्ली चपलांचे गोलपोस्ट करून खेळतात. तिसरे, खेळाडूंचे सर्व हक्क, भविष्यात मिळणाऱ्या रकमांसह, कंपनीचे. चौथे, कंपनी ३० दिवसांची सूचना देऊन केव्हाही बाहेर पडू शकेल. मंडळाला मात्र पाच वर्षे हलता येणार नाही.

तिसऱ्या कलमावर मी जरा थांबलो. फिफाच्या नियमांनुसार खेळाडू मोठ्या क्लबात रक्कम घेऊन गेला, तर त्या रकमेचा ५ टक्क्यांपर्यंत वाटा त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांकडे येऊ शकतो. प्रत्येक बदलीला तो नियम लागत नाही आणि आमच्यासारख्यांच्या वाट्याला तो उद्याच येईल असे नाही. पण तो कागदोपत्री असलेल्या क्लबालाच मिळतो. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हापासून आमच्याकडच्या प्रत्येक आईबापाला आपले पोरगे टीव्हीवर दिसू लागले आहे. त्या स्वप्नाची किंमत त्या माणसाला ठाऊक होती. आम्हाला नव्हती.

संघाचा कप्तान, माझाच एकेकाळचा विद्यार्थी, उठून उभा राहिला. “सर, तुम्ही म्हणताय ते बरोबर हाय. पण बूट, कोच, गाडी, डॉक्टर – सगळं सुटतंय की हो यात. नाव फुडं लागलं तर काय बिघडतंय? मागल्या साली उपांत्य सामन्याला आमी बारा जण गेलो. गाडीत तेवढीच जागा हुती.”

त्याच्या बोलण्याला उत्तर नाही. फाटक्या बुटांनी खेळण्यात काही थोरवी नसते. ज्यांना ती वाटते त्यांनी खडकाळ मैदानावर नव्वद मिनिटे पळून दाखवावे. पैसा बाहेरून आला तर हवाच आहे. पैसा देणारा आणि मालक यांत फरक आहे, एवढेच मला म्हणायचे होते, आणि तो फरक सांगताना मी वर्गात बोलतो तसे बोलू लागलो की काय अशी भीतीही वाटत होती.

तेवढ्यात दारापाशी बसलेल्या एक बाई बोलल्या. त्यांचा मुलगा सोळा वर्षांचा, आमचा सर्वांत चपळ खेळाडू. बंगळुरूच्या एका अकादमीने त्याला चाचणीला बोलावले होते. बाई विड्या वळतात. बैठकीला त्या मुलाच्या चाचणीच्या खर्चाचे विचारायला आल्या होत्या, कराराचे त्यांना काही माहीत नव्हते.

“सर, ह्या कागदात माझं पोरगं न्हाई न्हवं?”

होते. नाव नव्हते, पण ‘सर्व खेळाडू’ या दोन शब्दांत होते. मी त्यांना सांगितले की अठरा वर्षांखालच्या मुलाला १८७२ च्या करार कायद्याने करारात बांधताच येत नाही आणि तुमच्या सहीवाचून कोणी काही करू शकत नाही. त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, “सही मागाय आलं तर करू नको म्हणताय?” मी म्हटले, “मला दाखवल्याशिवाय करू नका, ताई.”

यानंतर बैठकीचा नूर पालटला. कोणी भाषण केले नाही. तात्यांनी एवढेच विचारले की कायद्याने आपण काय करू शकतो. तेव्हा मी जे शिकवतो त्याचा थोडा उपयोग झाला. आमचे मंडळ १९६० च्या कर्नाटक संस्था नोंदणी कायद्याखालचे. अशा संस्थेत भाग नसतात, नफा वाटता येत नाही, म्हणून खऱ्या अर्थाने ‘गुंतवणूक’ होतच नाही. देणगी होते किंवा प्रायोजकत्व होते. गुंतवणूकच हवी तर वेगळी कंपनी काढावी लागते आणि मग तिच्यात कोणाचा किती हिस्सा हा प्रश्न येतो. जर्मनीत १९९८ पासून नियम आहे की बाहेरचा कितीही पैसा येवो, मताधिकारात निम्म्याहून एक मत जास्त क्लबच्या सभासदांकडेच राहिले पाहिजे. एक-दोन अपवाद सोडले तर तिथले मोठमोठे क्लब याच नियमाने चालतात आणि मैदाने ओसंडून वाहतात. इंग्लंडात तसा नियम नव्हता. म्हणून लंडनचा विम्बल्डन क्लब मालकांनी परवानगी काढून ९० किलोमीटर लांबच्या शहरात नेला, आणि मागे उरलेल्या लोकांनी २००२ मध्ये स्वतःचा नवा क्लब काढून अगदी तळापासून सुरुवात केली. तो २०११ मध्ये राष्ट्रीय लीगमध्ये पोचला आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या गल्लीत परत आला.

दुसरी वाट कंपन्यांच्या सामाजिक निधीची. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात आणि त्या यादीत ग्रामीण व ऑलिंपिक खेळांचे प्रशिक्षण आहे. फुटबॉल त्यात बसतो. पण त्यासाठी संस्थेकडे आयकराचे १२-ए आणि ८०-जी दाखले लागतात, मंत्रालयाकडची नोंदणी लागते, तीन वर्षांचे काम आणि लेखापरीक्षण दाखवावे लागते. तात्यांच्या वह्या चोख आहेत, पण त्या वह्याच आहेत. सनदी लेखापालाची सही त्यांवर कधी झालेली नाही. खिशातून भरलेले पैसे त्यात ‘एक हितचिंतक’ म्हणून लिहिलेले आहेत. दरवर्षी, एकाच अक्षरात.

बैठक रात्री पावणेबाराला संपली. ठरले ते असे. कंपनीला उत्तर पाठवायचे: जर्सीवर छातीवर नाव देऊ, मैदानावर फलक देऊ, एक वर्षाचा करार करू आणि दोन्ही बाजूंना सारखीच सूचनेची मुदत ठेवू. मंडळाचे नाव, मैदान आणि खेळाडू यांत नाहीत. मैदान देणाऱ्या घराण्यातल्या थोरल्या काकांना भेटून जागेचा निदान भाडेकरार तरी कागदावर आणायचा. लेखापरीक्षण यंदापासून करायचे. कप्तानाने या ठरावाला विरोध केला नाही, पण हातही वर केला नाही. त्याचा हात खाली होता हे मी इतिवृत्तात लिहिले आहे, कारण पुढच्या हंगामात त्याच्या गाडीत पुन्हा बाराच जण बसले तर तो प्रश्न आम्हालाच विचारला जाणार आहे.

पत्र मी मराठीत लिहिले आणि इंग्रजीत केले. त्याला महिना झाला. उत्तर नाही. बोलायला गोड असलेला माणूस आता फोन उचलत नाही. मैदान देणाऱ्या काकांनी मात्र चहा दिला, वडिलांच्या वेळच्या आठवणी सांगितल्या आणि ‘मुलांना विचारून कळवतो’ म्हणाले. त्यांची मुले बंगळुरूला असतात.

बंगळुरूच्या चाचणीसाठी तात्यांनी पावतीपुस्तक काढले. विडी कारखान्यातल्या बायांनी दहा-दहा, वीस-वीस रुपये दिले, सराफाने बूट दिले, कप्तानाने आपला ट्रॅकसूट दिला, तो पोराला दोन बोटे लांब होतो. रविवारी रात्रीच्या बसने तो गेला, सोबत कप्तानच आहे. चाचणी तीन दिवसांची आहे. पोराच्या आईने मला विचारून ठेवले आहे की निवड झाली तर तिथे कोणत्या भाषेत कागद असतो. मी म्हटले, फोटो काढून पाठवायला सांगा, मी वाचून दाखवतो.

पुढची बैठक पौर्णिमेनंतर आहे. विषयपत्रिकेवर भाडेकरार, लेखापाल आणि गोलपोस्टची जाळी.